वारा चाळकेवाडीलाही आहे, मग माती थरमध्येच का उडते?

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. राजस्थानातल्या थर वाळवंटातल्या धुळीवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतील एवढा वारा असूनही माती उडत नाही. म्हणजे हवामान ही पळवाट आणि खरा दोषी ट्रॅक्टर.

चाळकेवाडीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. तिथला वारा जोर धरतो तो पावसाळ्यात, जमीन चिंब असताना. ओल असली की पाण्याचा पातळ थर मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो. जैसलमेरकडे नैऋत्येचा वारा मे-जूनमध्येच सुटतो आणि पाऊस यायला बहुधा जुलै उजाडतो. तोही वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आतच. म्हणजे वारा सर्वांत जोरात असतो तेव्हाच जमीन सर्वांत कोरडी आणि रान उघडं. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वाळू वाहून न्यायची त्याची ताकद साधारण आठपट होते. त्यामुळे वर्षभराचं बरंचसं नुकसान मोजक्या आंध्यांतच, म्हणजे धुळीच्या वादळांतच, होऊन जातं.

अशा वाऱ्यात वाळू बहुतेक गुडघ्याखालूनच पळते, पोटऱ्यांना टोचते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक कण उसळतो, पुढे जाऊन आपटतो आणि आपटताना आणखी कण उडवतो. या माऱ्याने बारीक, कसदार माती सुटी होते आणि वर चढते. दिल्लीपर्यंत जाते ती हीच.

ट्रॅक्टरबद्दलचं तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. आपल्या काळ्या रानात नांगरट केली की ढेकळं निघतात आणि वारा अडतो. रेताड जमिनीत ढेकूळ धरतच नाही, उलट माती धरून ठेवणारी बोरीची झुडपं मुळासकट जातात. पण अमेरिकेतलं ‘डस्ट बोल’, म्हणजे १९३०च्या दशकातलं धुळीच्या वादळांचं संकट, पाहा. तिथल्या गवताळ मैदानांवर १९२०च्या दशकातच मोठ्या प्रमाणावर नांगर फिरला होता. पाऊस बरा होता, गहू उभा राहत होता. १९३०च्या दशकात पावसाने दगा दिला आणि १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीने दिवसाढवळ्या काळोख केला. नांगर त्याआधीही होताच.

म्हणून नुसती ट्रॅक्टरबंदी मला अपुरी वाटते. बाजरी काढल्यावर धसकटं रानात उभी ठेवावीत, आणि उन्हाळी वारे सुटण्याआधी वाऱ्याला आडवी ‘काना बंदी’, म्हणजे काटक्या-कडब्याच्या रांगा, घालावी. जोधपूरच्या ‘काझरी’ या कोरड्या प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने वाराअडव्या झाडांच्या पट्ट्यांवर मोठं काम केलंय, पण झाडं वाढायला वर्षं लागतात. काना बंदी त्याच उन्हाळ्यात कामाला येते.