सहा शिंगांचा राऊटर

रात्री आठ वाजले की आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलनीत नेट बसतं. महिनाभर मी कंपनीच्या नावाने खडे फोडले. तीनदा त्यांचा पोरगा येऊन गेला, राऊटरही बदलला. शेवटी लॅपटॉपला सरळ वायर जोडली आणि माझं तोंड बंद झालं. वायरवर ९४ एमबीपीएसचा स्पीड, त्याच खोलीत वायफायवर ६. म्हणजे पाणी दारापर्यंत पूर्ण येत होतं, घरात शिरल्यावर आटत होतं.

मोबाईलवर वायफाय ॲनालायझर, म्हणजे आसपासची नेटवर्कं आणि त्यांचे चॅनल दाखवणारं ॲप, टाकून बघितलं. सोफ्यावर बसल्या जागी २१ नेटवर्कं! एकाचं नाव ‘फुकट मागू नये’. प्रत्येक राऊटर, कुणी वापरत असो-नसो, सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारतो. त्यातच बरीच हवा भरलेली.

ही सगळी गर्दी रेडिओ लहरींच्या ज्या पट्ट्यात आहे तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, एवढाच. आपल्याकडे २००५ पासून त्याला लायसन लागत नाही, म्हणून वायफाय, ब्लूटूथ सगळ्यांनी तिथेच बिऱ्हाड मांडलंय. मायक्रोवेव्हही २४५० च्या आसपासच गुरगुरतो. या पट्ट्यातले चॅनल म्हणायला तेरा, पण दोन चॅनलमध्ये अंतर पाच मेगाहर्ट्झचं आणि एका वायफायला जागा हवी वीस-बावीसची. एकमेकांच्या अंगावर न जाणारे म्हणून सहसा तीनच धरतात: १, ६ आणि ११.

माझे मामा साक्रीकडचे, पांझरा नदीकाठच्या फडांत, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या शेतांत, वाढलेले. फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, एका फडात एकच पीक, आणि पाणी पाटकरी देणार. स्वतःच्या हाताने बारं फोडून पाणी घ्यायचं नाही. मामांना हे तीन चॅनल सांगितले तर म्हणाले, “म्हणजे तीन फड. मंग पाटकरी कोन शे?”

कुणीच नाही, मामा. तिथंच घोडं अडलंय.

एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकतात. हवा मोकळी आहे का बघतात, थोडं थांबून बोलतात. हळू चालतं, पण चालतं. खरा घोळ मधल्या चॅनलवाल्यांचा. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका चॅनल ३ वर. त्यांचं बोलणं १ वाल्यालाही धड कळत नाही, ६ वाल्यालाही नाही, दोघांना नुसता गोंगाट. डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात.

त्यात काकांनी “नेट काबर चालत नही” म्हणून सहा शिंगांचा, म्हणजे सहा अँटेनांचा, राऊटर आणला. आता तो नुसता ओरडतो! राऊटरचा आवाज वाढला तरी हातातल्या मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो, त्याचं उत्तर परत पोचायला नको? आणि राऊटर बसवणाऱ्याने त्यावर ४० मेगाहर्ट्झची सेटिंग ठेवलेली. म्हणजे एकट्याने जवळजवळ अर्धा पाट.

माझा राग काकांवर नाही, बसवणाऱ्यांवर आहे. भिंतीला भोक पाडायला अर्धा तास, चॅनल बघायला दोन मिनिटं नाहीत. तक्रार केली की महागडा प्लॅन गळ्यात मारतात. मोठ्या प्लॅनने गल्लीतली हवा रुंद होते का? आपलीही कमाल आहे, म्हणा. पार्किंगवरून सोसायटीत दोन-दोन तास भांडू, पण वायफायवर एक शब्द नाही.

शेवटी टीव्ही आणि लॅपटॉप वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्झवर टाकले. तिथे चॅनल भरपूर, फक्त भिंतीपलीकडे दम तुटतो. जुने मोबाईल आणि कॅमेरा २.४ वरच राहिले. मग ॲप घेऊन काकांकडे गेलो. आधी त्यांना वाटलं मी पासवर्ड मागायला आलोय. चहा झाला, चॅनल ३ चा १ केला, ४० चे २० केले. दुसऱ्या दिवशी काकूंनीच खाली येऊन सांगितलं की सिरीयल अडकली नाही.

आठ दिवस बरे गेले. रविवारी समोरच्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू आले. सामान अजून जिन्यातच होतं, पण रात्री ॲपमध्ये एक नवं नाव दिसलं. चॅनल ४, ४० मेगाहर्ट्झ. चहाला कधी बोलवावं म्हणतो.