डॅलसकरांना उत्तर: पैसा, पाठिंबा आणि सीझन तिकीट

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरच्या ‘बूस्टरांचा पैसा आणि वरच्यांचा पाठिंबा’ या माझ्या लेखावर ‘डॅलसकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. बूस्टर म्हणजे संघाला पैसा पुरवणारे देणगीदार; संघ उभा राहतो तो त्यांच्या पैशावर आणि विद्यापीठातल्या वरच्यांच्या पाठिंब्यावर, असं मी त्यात म्हटलं होतं. (खरं नाव लिहायला काय हरकत होती, कोण जाणे.) प्रतिक्रियेचा सारांश असा: कॉलेज फुटबॉल कोच आणि खेळाडू जिंकून देतात, देणगीदार नव्हे. नाइकीच्या फिल नाइटने ओरेगॉन विद्यापीठाच्या संघावर एवढा पैसा ओतला, तरी त्यांच्याकडे अजून एकही राष्ट्रीय विजेतेपद नाही. तेलसम्राट बून पिकन्सने ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाला दिलेली देणगी एकट्या फुटबॉलसाठी नव्हती. आणि शेवटची ओळ जशीच्या तशी: ‘शिकायला म्हणून चार दिवस गेलेल्या देशी माणसाला यातलं काय कळणार? मी इथे वीस वर्षं ॲगीजची सीझन तिकिटं काढतोय.’ (ॲगीज म्हणजे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा संघ.)

पिकन्सबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. ते १६ कोटी ५० लाख डॉलर ओक्लाहोमा स्टेटच्या सगळ्या खेळांच्या खात्यात गेले. मी ‘फुटबॉलला’ असं लिहिलं होतं, लेखात दुरुस्ती करतो. झालं समाधान?

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. मतभेदाचं मला काही वाटत नाही, पण हा जो ‘तू कोण रे’ सूर आहे ना, तो मला अगदी ओळखीचा आहे. गणपतीच्या कार्यक्रमात ग्रीन कार्डवाले काका नव्या पोरांशी याच सुरात बोलायचे. डॅलसकर, मी स्टिलवॉटरला, म्हणजे ओक्लाहोमा स्टेटच्या गावी, एम.एस. करत होतो ते नेमके पिकन्सच्या देणगीचे दिवस. आमच्या विद्यार्थी मंडळाची मुलं मॅचच्या शनिवारी स्टेडियममधल्या खाण्याच्या स्टॉलवर उभी राहायची, कारण त्यातून दिवाळीचा खर्च निघायचा. नाचोजवर गरम चीज ओतता ओतता आतून धपधप आवाज यायचा. मैदानाच्या कडेच्या भिंतीला गाद्या बांधलेल्या असतात, आणि पहिल्या रांगेतले लोक केशरी लाकडी वल्ह्यांनी त्या बडवतात. तिकीट काढून खुर्चीत बसलेल्याला स्कोअरबोर्ड दिसतो. स्टॉलवाल्याला दिसतं की हाफटाइमला किती लोक घरी निघाले.

२००५ साली बरेच निघायचे. माइक गंडीचा हेड कोच म्हणून पहिलाच मोसम, आणि निकाल ४ विजय, ७ पराभव. अॅथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखाच्या, खुर्चीत त्याच वर्षी माइक होल्डर आले होते. हा माणूस गोल्फचा कोच, आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिलेला आणि पिकन्सचा जुना दोस्त. देणगीदार, डायरेक्टर आणि कोच यांचं एकमेकांशी नेहमी पटलं असं मुळीच नाही, उलट पुढे कुरबुरी भरपूर झाल्या. पण ४-७ नंतर कोणी घाईने कोचला हात लावला नाही आणि स्टेडियमचं बांधकामही थांबवलं नाही. २०११ मध्ये तोच संघ १२-१ झाला. आयोवा स्टेटविरुद्धचा तो एक पराभव दुहेरी ओव्हरटाइममध्ये झाला नसता, तर राष्ट्रीय अंतिम सामना फार दूर नव्हता. हे मी चार दिवस राहून पाहिलं, असं समजा.

आणि सीझन तिकिटांचं म्हणाल, तर मला खरंच हसू आलं. ॲगीजच्या बऱ्या जागा नुसत्या तिकिटाच्या किमतीत मिळत नाहीत, त्यासाठी ट्वेल्थ मॅन फाउंडेशनला, म्हणजे ॲगीजसाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेला, वर्षाला देणगी द्यावी लागते. २०१८ पासून नियम बदलला, पण त्याआधी अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची, म्हणजे अमेरिकन सरकारही यात वाटेकरी होतं. सांगायचा मुद्दा असा की वीस वर्षं बऱ्या जागेवर बसत असाल तर तुम्ही स्वतःच बूस्टर आहात! पैशाने काही होत नसेल तर देता कशाला?

बरं, ‘पैसा ओतला की विजय’ असं मी लिहिलंच कुठे? लेखाच्या नावात दोन गोष्टी होत्या, तुम्ही एकच वाचलीत. वरच्यांच्या पाठिंब्याबद्दलची वाक्यं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तुमचाच संघ होता, नाव घेतलं नव्हतं इतकंच. २०१७ च्या अखेरीस कोच म्हणून जिंबो फिशरला दहा वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलरचा करार दिला. २०२१ मध्ये कोणी बंदूक रोखलेली नसताना तो वाढवला. २०२२ मध्ये नव्या खेळाडूंची भरती देशात अव्वल ठरली आणि मोसम ५-७. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला घालवण्यासाठी ७.५ कोटींहून जास्त कबूल करावे लागले. पैसा कमी होता का? कागदावर सही करणाऱ्यांना कोणी ‘थांबा’ म्हणालं नाही, एवढंच कमी होतं.

याच्या उलट कॅन्सस स्टेट विद्यापीठ बघा. १९८७ आणि १९८८ या दोन मोसमांत मिळून एकही विजय नाही. तिथे पिकन्स नव्हता की नाइट नव्हता. १९८६ मध्ये जॉन वेफल्ड विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि फुटबॉल सुधारायचाच, असं त्यांनी ठरवलं. १९८९ मध्ये कोच म्हणून बिल स्नायडर आले आणि पहिल्या मोसमात १-१० वर थांबले. दुसरीकडे एवढ्यात बॅगा भरून दिल्या असत्या. १९९८ मध्ये हाच संघ नियमित मोसमात ११-० होता. यात कोचचं श्रेय आहेच, मी कधी नाकारलं? पण त्या कोचला १-१० नंतर खुर्चीवर ठेवणारा कोणीतरी वर बसलेला होता.

ओरेगॉनचं काय, असं पुन्हा विचाराल. राष्ट्रीय विजेतेपद नाही, बरोबर. दोनदा अंतिम सामना हरले. पण यश म्हणजे फक्त ती एक ट्रॉफी असं तुम्हाला वाटत असेल, तर आपली चर्चा इथेच संपते, त्यात मी वेळ घालवणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात गंडीने ओरेगॉनच्या कोटी-कोटी डॉलरच्या खर्चाबद्दल जाहीर कुरकुर केली आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडून ६९-३ हरला, हे तुम्ही हसऱ्या इमोजीसकट लिहिलंय. स्टिलवॉटरच्या माणसाला ते वाचून बरं वाटणार नव्हतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं. पण जरा विचार करा, तो निकाल तुमच्या बाजूचा आहे की माझ्या?

पुढची प्रतिक्रिया जरूर टाका. मात्र ‘देशी माणूस’ हा शब्द वगळून, आणि जमल्यास नाव लिहून.