टॅपेटच्या टकटकीवर जाड ऑइल हा इलाज नाही

जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप ऑइलच्या दाबाने आपोआप भरून काढणारे टॅपेट, कधी झिजत नाहीत. टकटक आली की २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल आणि वर अ‍ॅडिटिव्हची बाटली ओता. तरी वाजलं तर वाजणारा तेवढा एक बदला आणि लगेच स्टार्ट मारा. माझ्याकडे ओपल कोर्सा १.६ आहे, आणि असल्या सल्ल्यांनी चांगली इंजिनं वाया जाताना बघवत नाहीत.

आधी झिजेचं. लिफ्टरमध्ये एक प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि छोटी गोळी असते. आत ऑइल शिरतं, गोळी वाट बंद करते आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) व व्हॉल्व्हमधला गॅप शून्यावर राहतो. म्हणून फीलर गेज (गॅप मोजायची पत्ती) लावून गॅप सेट करावा लागत नाही, एवढं खरं. पण प्लंजर आणि बॉडीमधली फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते. ती झिजून वाढली की दाबाखाली ऑइल निसटतं आणि आवाज येतो.

जाड ऑइल त्या फटीतून हळू गळतं, म्हणून गरम इंजिनात आवाज दबतो. झीज तशीच राहते. थंडीच्या सकाळी तेच ऑइल वर हेडपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, उशिरा पोचतं. ओळखीच्या गॅरेजात मला ते भरून दिलं, तेव्हा सुरुवातीची दोन-तीन सेकंदांची टिकटिक चांगलीच लांबली. मूळ दुखणं ऑइल पंपाचं असेल, तर बेअरिंगं जाईपर्यंत कळतही नाही. त्यामुळे आधी डिपस्टिक बघा. लेव्हल कमी असली तर पंप हवा ओढतो, मॅक्सच्या फार वर गेली तर क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा दांडा) ऑइल घुसळून फेस करतो, आणि हवा भरलेला लिफ्टर वाजणारच. मग ऑइलचा प्रेशर स्विच काढून त्याजागी दाब मोजायचं गेज लावा.

अ‍ॅडिटिव्हने चिकट थरात अडकलेला प्लंजर कधीकधी सुटतो, हे मान्य. झिजलेलं लोखंड भरून येत नाही.

आता तपासणी. हेडवरचं कव्हर काढा, कॅमचा उंचवटा त्या व्हॉल्व्हवरून दूर जाईल असा क्रँक फिरवा आणि लाकडी दांड्याने फिंगरची (कॅमखालचा छोटा लिव्हर, एक टोक लिफ्टरवर, दुसरं व्हॉल्व्हवर) लिफ्टरकडची बाजू दाबा. स्पंजासारखी दबली तर तो लिफ्टर गेला. कोर्सात कॅमचं हाउसिंग आणि हेड एकाच बोल्टांनी आवळलेलं आहे. ते सोडलं की हेड गॅस्केट नवं लागतं. म्हणून व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचं टूल वापरून फिंगर बाहेर काढावी. फिंगर आणि व्हॉल्व्हवरची छोटी चकती नंबर टाकून ठेवा, अदलाबदल नको. एवढी उस्तवार एका लिफ्टरसाठी करण्यात अर्थ नाही. बाकीचे सातही तितकेच जुने आहेत. मी आठही बदलतो.

आणि लगेच स्टार्ट तर मुळीच नको. नवा लिफ्टर ऑइलने फुगलेला असला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, पिस्टनला भिडू शकतो. अर्धा तास थांबा, मग पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे सावकाश द्या. कुठे अडलं तर जोर लावू नका.