मुद्दाम करतं हो ते!

कुत्र्याचं पिल्लू घरात आलं की दोन दिवसांच्या आत हा आरोप होतोच. "आत्ता खालून फिरवून आणलं, तिथं नुसतं हुंगत बसलं आणि घरात येऊन बरोब्बर गालिच्यावर! मुद्दाम करतं हो ते!" मी कायम आरोपीच्या बाजूने आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाचा शी-शू धरून ठेवणाऱ्या स्नायूंवर ताबाच नसतो, तिथं मुद्दाम काय करणार? आणि खाली हुंगायला इतकं काही असतं की ज्या कामासाठी आलो ते राहूनच जातं. म्हणून खाली नेल्यावर एकाच जागी, दोरी आखूड धरून, खांबासारखं उभं राहायचं. हिंडणं काम झाल्यावर. आधी हिंडवलंत, काम झालं आणि लगेच घरी आणलंत, तर 'केलं की मजा संपते' एवढं पिल्लाला चटकन कळतं आणि मग ते शेवटपर्यंत धरून ठेवायला बघतं.

हिशोब सोपा आहे. पिल्लाचं वय महिन्यांत घ्या, त्यात एक मिळवा, तितके तास ते धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं तीन तास. पण ही कमाल मर्यादा, तीही पिल्लू शांत पडून असताना. खेळत असेल तर अर्ध्या तासातही टाकी भरते, आणि "अजून तीन तास कुठं झालेत?" हा युक्तिवाद तिथं चालत नाही. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळ थांबला की आणि रात्री झोपण्याआधी, या वेळा ठरलेल्या. दर वेळी उचलून न्यायचं. कडेवर घेतलेलं पिल्लू सहसा काही करत नाही. लिफ्टमध्ये चालवत नेलंत तर ते मधल्या मजल्यावर बसतं, आणि त्याच मजल्यावर दार उघडून सोसायटीचे सेक्रेटरी आत येतात.

खेळता खेळता मधेच थांबून, नाक जमिनीला लावून प्रदक्षिणा सुरू झाली की तुमच्या हातात जेमतेम पाच सेकंद असतात. फोनवर बोलत असाल तर तेही नाहीत. या प्रदक्षिणांचा अभ्यास झालाय बरं का. झेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांच्या हजारो विधींची नोंद ठेवली आणि २०१३ साली जाहीर केलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री अंग दक्षिणोत्तर ठेवणं पसंत करतात. त्यांना २०१४ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. गालिचा पुसताना पिल्लाचं तोंड कुठं होतं ते बघून ठेवा; घराची वास्तू तपासायला वेगळा खर्च नको.

पण हे खाली नेणं लसी पूर्ण झाल्यावरचं. तोपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, रस्त्यावर सोडायची सोय नसते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. मग बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं जातं, आणि इथंच पुढची गोची आहे. या वयात पायाखाली जे लागतं त्याचीच सवय लागते. आजोबा आजचा अंक जमिनीवर ठेवून चष्मा शोधायला उठतात, परत येतात तो अग्रलेख ओला. पिल्लाच्या दृष्टीने यात गैर काही नाही, त्याला कागदावरच करायला शिकवलंय. त्यापेक्षा दोन फुटी प्लॅस्टिकचा ट्रे घ्या आणि नर्सरीतून लॉनचा एक तुकडा आणून त्यात ठेवा. पायाला गवताची ओळख झाली की पुढे खाली उतरल्यावर अर्धं काम आपोआप होतं.

फरशी फिनेलने पुसली की आपलं समाधान होतं, पिल्लाचं नाक फसत नाही. खाली लघवीचा वास राहिला की त्याच्या लेखी ती जागा राखीव. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच, मुळात लघवीलाच तो वास असतो. आधी टिपून घ्या (घासू नका, पसरतं), मग एन्झाइमवालं (वासाचं मूळच मोडून टाकणारं) क्लीनर ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ओलं राहू द्या. शिंपडून लगेच पुसलंत तर पैसे वाया. ते मिळालं नाही तर अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी. फक्त संगमरवरावर नाही, पॉलिश जाईल आणि तेही पिल्लाच्याच नावावर जमा होईल.

नाक घासणं, रट्टा देणं, "हे काय आहे? बघ, बघ!" असं दाखवणं, यातून पिल्लू एकच धडा घेतं: यांच्यासमोर करायचं नाही. मग ते पलंगाखाली जातं. कान पाडून बघतं, म्हणून आपण म्हणतो, "बघा, कळतंय त्याला!" कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रयोगाने दाखवलं की तो चेहरा गुन्ह्यामुळे नाही, मालक ओरडतो म्हणून होतो. काहीच न केलेलं कुत्रंही ओरडलं की तसाच चेहरा करतं. बक्षीस मात्र जागेवरच द्यायचं, शेवटचा थेंब पडल्यावर दोन सेकंदांत, हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा. घरी येऊन दिलात तर तो लिफ्टमधून वर आल्याबद्दलचा होतो.

जेवण ठरल्या वेळी, वाटी पंधरा मिनिटांनी उचलायची. आत वेळेवर गेलं तरच बाहेर वेळेवर येतं. हे सगळं वेळापत्रक आजीच्या एका दूध-बिस्किटाने कोसळतं. दुधाने पातळ होतं, आणि पातळ झालेलं कुणाची वाट पाहत नाही. आजीला समजावू नका. तिच्या हातात पिल्लाच्याच रोजच्या खाण्यातले चार दाणे मोजून द्या आणि तेच भरवू द्या.

पाहुणे आले की आनंदाने चार थेंब गळतात, तो प्रकार वेगळा. वाकून लाड करू नका, आल्या आल्या लक्षच देऊ नका. बहुतेकांचं वाढत्या वयात जातं.

पण नीट शिकलेलं पिल्लू अचानक दर अर्ध्या तासाला थेंब थेंब करू लागलं, तर शिस्त विसरलं असं न समजता डॉक्टरांकडे जा. संसर्ग असू शकतो. तपासणीसाठी लघवीचा नमुना सकाळचा पहिला हवा. त्यासाठी लांब दांड्याची स्वच्छ पळी घ्या, धार सुरू झाल्यावर मागून अलगद खाली सरकवा. आधी सरकवलीत तर ते पळीच हुंगत बसतं. दोन चमचे पुरतात. दवाखाना उघडायला वेळ असेल तर झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा. लिंबू सरबत आणि तो नमुना यांच्या रंगात फारसा फरक नसतो. आणि पळी पुन्हा आमटीत जाणार नाही, याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर द्या.