आगार हलवा, स्टॅण्ड हलवू नका

"चिपळूणचा जुना स्टॅण्ड बंद करा आणि वालोपेला रेल्वे स्टेशनलगत एकच मोठा हब बांधा. एसटी, रेल्वे, रिक्षा, ट्रॅव्हल्स सगळं एका छताखाली. पाच मिनिटांत बदली, पुराची भीती नाही, वर गाळ्यांच्या भाड्यातून खर्चही वसूल." हा मेसेज मला एका आठवड्यात सात ग्रुपांवर आला, त्यातले दोन गावकीचे आणि एक भावकीचा. पुढे ढकलणारे बहुतेक मुंबईकर. त्यांचं कोकण स्टेशनावर उतरल्यावर सुरू होतं, त्यामुळे राग नाही. पण एकेक मुद्दा बघू.

"प्रवासी येतात ते रेल्वेनेच." गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात येतात, कबूल. इतर दिवशी सकाळी साडेनऊला स्टॅण्डवर उभं राहून बघा. कॉलेजची पोरं, कोर्टात तारीख असलेला शेतकरी, दाढ दुखते म्हणून नातवाला घेऊन आलेली आजी, टोपलीभर भाजी विकायला आलेली बाई. यांना रेल्वे नको, बाजारपेठ हवी. गाडी वालोपेलाच थांबली तर यांनी रिक्षा करून गावात यायचं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. जवळच्या वाडीतून येणाऱ्या बाईला एसटीच्या तिकिटापेक्षा ही रिक्षाच महाग पडणार. कोकणाला हे नवं नाही. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावला, सावंतवाडीचं मळगावला. डोंगर आणि खाड्या सांभाळत रूळ गेले, गावं बाजूला राहिली. आता एसटीलाही मुद्दाम गावाबाहेर काढायचं?

"पाच मिनिटांत बदली" हे वाचून मला हसूच आलं. रोहा ते वीर हा दुहेरी झालेला तुकडा सोडला, तर कोकण रेल्वेचा मार्ग अजून एकेरीच आहे. समोरून गाडी यायची असली की आपली कुठल्यातरी स्टेशनात क्रॉसिंगला उभी. पावसाळ्यात वेग कमी करावा लागतो, म्हणून वेळापत्रकच निराळं. आता समजा, गाडी तासभर लेट आहे. गुहागरची एसटी थांबणार का? ती थांबवायचा अधिकार कोणाचा? रेल्वेचं महामंडळ वेगळं, एसटीचं वेगळं. थांबवलीच, तर ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी लांबते, त्याच गाडीची परतीची फेरी बोंबलते आणि पलीकडच्या थांब्यावरची माणसं ताटकळतात. त्यातून ती वस्तीची गाडी असली तर बघायलाच नको. संध्याकाळी निघून रात्री गावात मुक्काम करायचा आणि सकाळी शाळेची पोरं घेऊन परतायचं, असा तिचा दिवस. ती चुकली तर त्या गावाला दुसरी गाडी नसते. कुठली एसटी कुठल्या रेल्वेसाठी किती मिनिटं थांबेल, हे एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच नाही. छपराचं चित्र मात्र रंगीत आहे.

पुराचा मुद्दा खरा आहे, आणि तिथे मी वाद घालणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आगारात शिरलं, गाड्या बुडाल्या, आणि एसटीचे कर्मचारी तिकिटांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्तास बसून होते. २००५ च्या जुलैतही गाव असंच पाण्याखाली होतं. पण बुडालं काय, ते नीट बघा. रात्री उभ्या असलेल्या गाड्या, वर्कशॉप, रोकड. हे सगळं आगाराचं. आगार आणि स्थानक आपल्याकडे एकाच कुंपणात असतात म्हणून आपण दोन्हींना "स्टॅण्ड" म्हणतो. कामं मात्र वेगळी. गाड्या धुणं, दुरुस्ती, डिझेल, रात्रीचा मुक्काम हे उंचावर न्या, लवकर न्या. त्यासाठी रिकाम्या गाडीला रोज थोडं जास्त धावावं लागेल, डिझेल जळेल. तो खर्च मान्य करा. चढ-उतार करायला गावात फलाट आणि बाकडी राहिली, तर पाणी ओसरल्यावर ती धुऊन घेता येतात.

गाळ्यांच्या भाड्याबद्दल फार बोलत नाही. भाडं येणार ते इमारत पुरी झाल्यावर. सावंतवाडीच्या रेल्वे टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ साली झालं आणि लोक अजून पुऱ्या टर्मिनसची वाट बघतायत. आधी जुना स्टॅण्ड बंद आणि मग नव्याचं बांधकाम, असा क्रम असेल तर मधली वर्षं आजीने कुठे उभं राहायचं?

वालोपेला काहीच नको असं मात्र नाही. मुंबईहून येणारी कोकणकन्या एक्सप्रेस चिपळूणला उजाडायच्या आत सोडते. पोरंबाळं, बोचकी घेऊन उतरलेल्या माणसांना तिथे एक बऱ्यापैकी शेड, दिवे, स्वच्छ मुतारी आणि गाडी येईपर्यंत थांबायचा लेखी हुकूम असलेली एक गुहागर एसटी हवी. ती पुढे गावातल्या स्टॅण्डवरूनच जाऊ दे.