‘केस लांबली की खेळाडूचंच फावतं’ म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस सांगलीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आशय असा: कॉलेजच्या खेळाडूवर मारामारीची केस झाली तरी त्याचं काही बिघडत नाही. जामीन होतो, तारखा तोच पाडून घेतो, तोवर मेडल मारतो, स्पोर्ट्स कोट्यातून पोलिसात लागतो आणि शेवटी निर्दोष सुटतो. मी विजयनगरच्या कोर्टात फौजदारी वकिली करते, कॉलेजात असताना कबड्डी खेळले आहे. ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय ती पोरं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

‘जामीन झाला की मोकळा.’ जामिनाला अटी असतात. ठरल्या वारी पोलीस ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, अशा. ही दुसरी अट असली की शिवाजी विद्यापीठाच्या निवड चाचणीला कोल्हापूरला जायचं तरी आधी कोर्टात अर्ज.

‘तारखा तोच पाडून घेतो.’ घेतात काही जण. साक्षीदार फुटायची वाट बघत वर्षं काढणारे आरोपी मी पाहिलेत आणि त्यांचा मला संताप येतो. पण माझ्याकडच्या एका पैलवान पोराच्या केसचा रोजनामा, म्हणजे कोर्टातली तारखेवार नोंद, ऐका. २०२२ साली यात्रेच्या मैदानात कुस्तीच्या निकालावरून भांडण झालं, एकाचा हात मोडला. फिर्यादीत नऊ नावं, त्यात याचं एक. बेकायदा जमावाचं कलम असं आहे की पाच किंवा जास्त जण एका उद्देशाने जमले हे सिद्ध झालं, तर ज्याने हातही उचलला नाही तोसुद्धा त्याच गुन्ह्यात धरला जातो. दोषारोपपत्र आलं. मग एक आरोपी गैरहजर, त्याच्यावर वॉरंट. मग न्यायाधीश साहेबांची बदली. आरोप निश्चित झाले, तर साक्षीदाराला समन्सच बजावलेलं नाही. पंचनाम्याचा पंच आला त्या दिवशी जप्त केलेला मुद्देमाल आला नाही. जखमा तपासणारे डॉक्टर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. या सगळ्यात माझ्या अशिलाने मागून घेतलेली तारीख एक, तीही विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी.

त्याची एक वही आहे. डाव्या पानावर जोर, बैठका, सकाळचं वजन. उजव्या पानावर कोर्टाच्या तारखा. तारखेला पहाटेची मेहनत अर्धी टाकून तो एसटी धरतो. अकराला पुकारा होतो, संध्याकाळी कळतं की पुढची तारीख. फुगलेले कान मफलरीखाली झाकून शेवटच्या बाकावर बसतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, ‘पैलवान दिसला की लोकं ठरवूनच टाकतात मॅडम, यानंच मारलं असणार.’

फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या, १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कोणत्याही पक्षाला दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं म्हटलंय. ते चांगलंच आहे. पण याचा खटला आधीचा, जुन्याच संहितेने चालतोय. आणि समन्स न बजावल्यामुळे किंवा साहेबांच्या बदलीमुळे गेलेले महिने कोणत्या पक्षाच्या खात्यात धरायचे?

‘कोट्यातून पोलिसात लागतो.’ राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, खरं आहे. शेजारच्या साताऱ्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले आणि पुढे पोलीस खात्यात गेले. तेव्हापासून आमच्या भागातल्या तालमींचं हेच स्वप्न. पण निवडीनंतर चारित्र्य पडताळणी असते. त्यासाठी भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात प्रलंबित केसचा रकाना असतो. अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की माहिती खरीच द्यायला हवी, दडवली तर नेमणूक जाऊ शकते. खरी दिली, तरी गुन्ह्याचं स्वरूप बघून नेमायचं की नाही हे खातं ठरवणार. पोरांना कळकळीने सांगते, कुणी ‘लिहू नकोस, कळत नाही’ म्हणालं तरी ऐकू नका. ऑनलाइन नाव टाकलं की केस दिसते.

पासपोर्टचंही तसंच. १९६७ च्या कायद्याप्रमाणे फौजदारी कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. कोर्टाच्या परवानगीने मिळतो, पण परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर साधारण एकाच वर्षाचा. कनिष्ठ गटाच्या परदेशातल्या स्पर्धेसाठी नाव निघालं, तर हे सगळं करायला हातात दिवस किती असतात?

‘शेवटी निर्दोष सुटतो.’ मला सगळ्यात जास्त हे वाक्य लागतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा २५. फिर्याद झाली तेव्हा तो १९ चा होता, आज २३ चा आहे. पंचविशीनंतर निर्दोष सुटला तर निकालाची नक्कल मिळेल, गेलेली वर्षं कोणतं कोर्ट परत देणार? खटला लवकर चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ सालीच मानलंय.

आणि ज्याचा हात मोडला तोही पैलवानच आहे. साक्षीसाठी तीन वेळा आला, तिन्ही वेळा साक्ष न होता परत गेला. आता दोन्ही घरं तडजोडीला तयार आहेत. पण केसमधलं कलम ३२६, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, कनिष्ठ कोर्टात तडजोडीने मिटत नाही. मात्र योग्य प्रकरणात उच्च न्यायालय असा खटला रद्द करू शकतं, हे २०१२ च्या ग्यानसिंग निकालाने स्पष्ट झालंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने त्यासाठी मुंबईच्या खेपा राहिल्या नाहीत. अर्ज तयार आहे. परवा प्रतिज्ञापत्रावर सही करताना तो जखमी पोरगा म्हणाला, ‘मॅडम, यात्रांचा सीझन सुरू व्हायच्या आत मिटेल ना? आम्हाला दोघांनाबी खेळायचंय.’