ऑपरेशन कोण करणार, हे विचारा

काकांच्या कंबरेतली गादी सरकली आहे. उजव्या पायातली ताकद कमी होत चालली म्हणून ऑपरेशन ठरलं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला. दादाचं म्हणणं एकच, सोलापुरात सरकारी दवाखान्यात नको, तिथे शिकाऊ पोरं गरिबाच्या अंगावर हात साफ करून घेतात, सरळ पुण्याला नेऊ. वर मला उद्देशून, "तुमच्या इंग्लंडात असलं चालतं का? सांग यांना."

चालतं. रोज चालतं. मी इथे मणक्याच्या ऑपरेशनांना भूल देते. परवाच्या लिस्टवरचा पहिला पेशंट काकांसारखाच, पोटावर झोपवलेला. हाडाची कड कातरली ती रजिस्ट्रारने, म्हणजे अजून शिकत असलेल्या सर्जनने. नसांवरचं पातळ आवरण दिसू लागलं तशी त्याची वरिष्ठ सर्जन, कन्सल्टंट म्हणाली, "थांब." तिने नस स्वतः हलकेच बाजूला धरली आणि मग हाड कातरायचा पंच पुन्हा त्यालाच चालवू दिला. तिच्या हातून हे पाऊण तासात उरकलं असतं, त्याला सव्वा तास लागला. तो जादा वेळ माझ्या मॉनिटरसमोर जातो, म्हणून त्याची किंमत मला कळते. ऑपरेशन लांबलं की रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची धास्ती वाढतेच.

अमेरिकेतल्या मोठ्या नोंदवह्यांवरून झालेले अभ्यासही साधारण हेच सांगतात. निवासी म्हणजे शिकाऊ डॉक्टर सोबत असला की वेळ जास्त लागतो. सारख्या प्रकृतीच्या पेशंटांची तुलना केली की मृत्यू मात्र वाढलेले दिसत नाहीत. अनेक मणके जोडण्याच्या मोठ्या ऑपरेशनांत काही ठिकाणी गुंतागुंत जास्त आढळली, तेही खरं. पण या नोंदी तीस दिवसांपुरत्या. शिवाय निवासी डॉक्टर हजर होता एवढंच त्यातून कळतं. हाड कुणी कापलं आणि वरिष्ठ कुठे उभा होता, ते कळत नाही. माझ्या मते सगळं त्या उभं राहण्यावर आहे.

दादाला राग यायला हवा तो इथे. आपल्याकडे "सर करणार आहेत" एवढ्यावर बोळवण होते आणि काकू कागदावर सही करून मोकळ्या. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितलं, की पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे. इंग्लंडात पेशंट रजिस्ट्रारला तोंडावर विचारतो, "तू किती केलीस?" आणि त्याला उत्तर मिळतं. तसं आपल्याकडे विचारलं, तर उद्धट ठरतो आपण.

पण "शिकाऊ" हा शब्द दादाने ज्या तुच्छतेने लिहिला, तो मला लागला. सोलापूरचं वैशंपायन सरकारी मेडिकल कॉलेज १९६३ पासून डॉक्टर घडवतंय. दादा ज्यांच्या खासगी दवाखान्यांत विश्वासाने जातो, त्यांतले कितीतरी तिथेच शिकले. मीही. भुलीसाठी पाठीत सुई घालायला मी शिकले ती अक्कलकोट, मोहोळ, इंडीहून एसटीने आलेल्या माणसांच्या पाठींवर. मागे सर उभे असायचे, सुई जरा तिरकी गेली की माझा हात धरायचे. बायका पाठ वाकवून बसायच्या आणि कन्नडमध्ये देवाचं नाव घ्यायच्या. त्यांनी माझा हात तयार करून दिला आणि तो मी इंग्रजांच्या सेवेला आणला. इथून मी गावाला शहाणपण शिकवते, तेव्हा ते देणं माझ्याकडे थकलेलंच असतं. दादा हे कधी बोलला नाही, पण मला ठाऊक आहे.

काकांना पुण्याला न्यायचं तर न्या. तिथेही फेलो, म्हणजे पुढचं खास शिक्षण घेणारे सर्जन असतील, शिकणारे असतील. भरती होण्याआधी काकूंनी विचारावं, की नसेपाशी पंच कुणाच्या हातात असेल आणि सर ऑपरेशनभर टेबलाशी थांबणार, की बाजूच्या ऑपरेशन थिएटरमध्ये दुसरी केस लावलेली असेल. उत्तर देताना डॉक्टर चिडले, तर मला फोन करा. त्यांच्याशी मी बोलेन.